मुरुमांवर घरगुती उपाय: काय लावायचं, किती वेळ, आणि कशाला हात लावायचा नाही

चेहऱ्यावर मुरूम दिसतो तोवर त्याची सुरुवात होऊन कित्येक आठवडे उलटलेले असतात. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढली की ती जास्त तेल सोडते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी गळून न पडता तेलात चिकटून राहतात आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचे जिवाणू पोसले जातात, शरीर त्यांना तोंड द्यायला धावतं आणि मग लाली, सूज, पू. तेल, बूच, जिवाणू आणि सूज, अशी ही चार टप्प्यांची साखळी.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा जोर पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यावर चालतो. वरवरचं तेल त्या टिपून घेतात, सूज थोडी उतरवतात. जिवाणूंवर थोडाफार परिणाम होतो आणि बुचावर जवळजवळ नाहीच. म्हणून एका रात्रीत मुरूम जाईल असं सांगणाऱ्या कुठल्याही लेपावर विश्वास ठेवू नका. घरगुती उपाय निवडताना दोनच गोष्टी बघा: त्याने त्वचेला इजा होत नाही ना, आणि तो ६ ते ८ आठवडे नेमाने करता येईल ना. इजा झालेली त्वचा आणखी सुजते आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर सूज बऱ्याचदा मागे काळा डाग सोडून जाते. मुरूम आठवड्यात बसतो, डाग कित्येक महिने राहतो.

आधी ओळखा

नाकावर-हनुवटीवर काळे-पांढरे ठिपके, अधूनमधून लाल पुटकुळ्या, एखाददुसरी पिकलेली, इतपत प्रकरण असेल तर घरचे उपाय करून बघायला हरकत नाही. त्वचेखाली खोल, हात लावला तरी ठणकणाऱ्या गाठी येत असतील, किंवा जुन्या मुरमांच्या जागी खड्डे पडायला लागले असतील, तर लेप लावत बसण्यात वेळ घालवू नका. खड्डा एकदा पडला की घरच्या कुठल्याही वस्तूने भरत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, कपाळावर, छातीवर आणि पाठीवर बारीक, सगळ्या एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात. त्या बहुतेकदा मुरूम नसतातच. मॅलेसेझिया नावाच्या बुरशीमुळे येतात. मुरूम लहान-मोठे असतात आणि सहसा खाजत नाहीत, हा ओळखायचा सोपा फरक. या बुरशीला तेल आवडतं, त्यामुळे वर खोबरेल तेल किंवा तेलकट क्रीम लावलं की ती आणखी फोफावते. तिला बुरशीचं औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी द्यायचं असतं.

आंब्याच्या दिवसांत ओठांभोवती आणि हनुवटीवर पुरळ उठलं की ‘आंब्याची उष्णता’ म्हणून मोकळं होतात. बऱ्याचदा ते देठाकडच्या चिकाने आलेलं असतं. आंबा धुऊन, देठाचा भाग कापून, फोडी करून खाल्ला तर पुरळ सहसा येत नाही. त्यावर मुरमांचे लेप लावले तर आग वाढते.

चेहरा धुणं

निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकं इथेच सगळ्यात जास्त बिघडवलं जातं. चेहरा दिवसातून दोनदा धुवा, शिवाय घाम आल्यावर एकदा. पाणी कोमट किंवा साधं. चार-पाच वेळा धुतल्याने तेल कमी होत नाही. त्वचेचं वरचं आवरण तेवढं दुबळं होतं आणि साध्या गोष्टीही झोंबायला लागतात.

पीएच म्हणजे आम्लपणाचं माप: ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर त्याच्या उलट, म्हणजे अल्क. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर साबणाचा फेस होत नाही आणि पांढरट साका त्वचेवर चिकटून राहतो, तो वेगळाच. अशा ठिकाणी साबणाऐवजी सौम्य, बिनसाबणाचा फेसवॉश बरा पडतो.

बेसनाने धुणार असाल तर दळलेलं पीठ तसंच घेऊ नका. मैद्याच्या चाळणीने किंवा मलमलीतून चाळा. बोटांत चोळून बघा. रवाळ लागलं तर पुन्हा चाळा. एक लहान चमचा पीठ तळहातावर घेऊन पातळ होईपर्यंत पाणी घाला, चेहऱ्यावर हलक्या हाताने २० सेकंद फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. भुवयांत आणि केसांच्या कडेला पीठ राहत नाही ना, ते बघा. भरड मसूर डाळ, साखर, अक्रोडाचा चुरा, कॉफी असलं काहीही मुरुमांवर घासायचं नाही. घासल्याने बूच निघत नाही. पिकलेली पुटकुळी फुटते आणि आतली सूज आजूबाजूला पसरते.

पुसताना टॉवेल दाबून टिपा. आंघोळीचा ओला टॉवेल चेहऱ्याला नको. जुन्या मऊ सुती पंच्याचे चार तुकडे करून ठेवा आणि रोज एक धुतलेला घ्या.

लावण्याआधीची चाचणी

नैसर्गिक आहे म्हणजे त्रास होणार नाही, असं नसतं. हळद, मध, कडुनिंब, चंदन, कोरफड यांपैकी कशाचीही अॅलर्जी असू शकते. तयार केलेला लेप कानामागे किंवा जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर लावा, जेवढा वेळ चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच ठेवा, धुवा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, बारीक पुरळ आलं तर ती वस्तू बाद. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा. पाच जिन्नसांचा लेप लावून चेहरा लाल झाला तर दोष कोणाचा, हे कधीच कळत नाही.

बर्फ आणि गरम शेक

दुखऱ्या, लाल, तोंड न आलेल्या मुरमावर सगळ्यात भरवशाची घरगुती वस्तू म्हणजे बर्फ. खडा थेट लावू नका. पातळ सुती कापडात गुंडाळून मुरमावर ५ मिनिटं धरा, १० मिनिटं थांबा, पुन्हा ५ मिनिटं. दिवसातून दोन-तीनदा चालतं. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, ठणका आणि लाली उतरते. थेट बर्फ चोळला तर त्वचा बधिर होते आणि थंडीने भाजल्यासारखा चट्टा उठतो.

मुरमाला पांढरं तोंड आलं की बर्फ बंद करून गरम शेक द्या. कापड गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटावर धरून बघा, सोसवेल इतपतच गरम असू द्या. १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पू आपोआप बाहेर आला तर टिपून घ्या, दाबून काढू नका. पूर्ण चेहऱ्याला वाफ देणं मात्र वेगळं. वाफेने छिद्रं दारासारखी उघडत-मिटत नाहीत, आणि सुजलेला चेहरा वाफेने आणखी लाल होतो.

मुलतानी माती

तेलकट त्वचेसाठी ही खरोखर उपयोगी आहे, पण बहुतेक घरांत ती चुकीची वापरली जाते. माती चेहऱ्यावर कडक होऊन तडे जाईपर्यंत ठेवायची आणि बोलायचं नाही, अशी पद्धत पडली आहे. माती ओली असताना तेल शोषते. पूर्ण वाळली की ती त्वचेतलं पाणी ओढायला लागते, आणि मग चेहरा ताणतो, सोलतो, दुसऱ्या दिवशी लाल दिसतो.

करायचं असं. सपाट एक मोठा चमचा माती वाटीत घ्या. आधी दोन बोटांत चिमूटभर चोळून वाळू लागते का, ते बघा. वाळू असेल तर माती भरपूर पाण्यात ढवळा, अर्धं मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. जड वाळू खाली राहते. गढूळ पाण्यातली माती तासाभरात बसली की वरचं पाणी काढून टाका. कोरडी माती घेतली असेल तर तिच्यात दीड ते दोन मोठे चमचे गुलाबपाणी किंवा साधं उकळून गार केलेलं पाणी घाला आणि १० मिनिटं भिजू द्या. लगेच ढवळलं तर गुठळ्या राहतात. लेप डोशाच्या पिठाएवढा सैल हवा.

स्वच्छ, कोरड्या चेहऱ्यावर पातळ थर द्या. डोळ्यांभोवतीचा भाग आणि ओठ सोडा. ७-८ मिनिटं पुरतात. कडेचा रंग फिकट व्हायला लागला की धुवायची वेळ झाली. आधी ओल्या हाताने माती भिजवून मऊ करा, मग धुवा, खरवडू नका. लगेच हलकं मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कोरड्या त्वचेने या लेपाच्या वाटेला जाऊ नये, आणि हिवाळ्यात तेलकट त्वचेनेही पंधरा दिवसांतून एकदाच.

कडुनिंब

पाल्यात जिवाणूंना रोखणारे घटक आहेत, पण कच्चा पाला वाटून जाड थापला की बऱ्याच जणांना चुरचुरतं. काढा सौम्य पडतो. रस्त्याकडेच्या झाडाचा पाला धुळीने माखलेला असतो, तो तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्या. २०-२५ पानं दोन कप पाण्यात मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळा, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. पाणी पिवळसर हिरवं दिसतं. स्वच्छ बाटलीत फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. त्यानंतर वास बदलो न बदलो, फेकून द्या. त्यात संरक्षक काही नसतं, त्यामुळे शिळ्या काढ्यात जिवाणू वाढतात आणि तेच पुन्हा मुरमांवर जातात.

चेहरा धुतल्यावर कापसाने रात्री एकदा लावा, १० मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. पाठीवर मुरूम असतील तर आंघोळीच्या शेवटी हाच काढा बादलीत मिसळून घेतात, तेही ठीक. मुलतानी मातीच्या लेपात अर्धा लहान चमचा पाल्याची पूड घालता येते. कडुनिंबाचं तेल मात्र तसंच चेहऱ्याला लावू नका. ते जड आणि तीव्र असतं.

हळद आणि मध

हळदीतल्या कर्क्युमिनमुळे सूज उतरायला मदत होते. अडचण दोन ठिकाणी येते. एक, सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, त्यात लेड क्रोमेटसारखा विषारी रंगही आला. पाव चमचा पूड ग्लासभर पाण्यात टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती ना चेहऱ्याला लावा, ना भाजीत घाला. हळकुंडावरही असा रंग चढवलेला असू शकतो, तेव्हा सहाणेवर उगाळण्याआधी तेही पाण्यात टाकून बघा. दुसरी अडचण प्रमाणाची. जास्त घातली म्हणजे जास्त गुण, असं होत नाही. चेहरा दोन दिवस पिवळा राहतो आणि चुरचुरतो.

एक लहान चमचा मधात हळदीची एक चिमूट, एवढंच. मधात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि तो आम्लधर्मी असतो, त्यामुळे जिवाणू त्यात वाढत नाहीत. हे मिश्रण फक्त मुरमांवर ठिपक्यासारखं लावा, १५ मिनिटं ठेवा, कोमट पाण्याने धुवा. आठवड्यातून तीन वेळा. केसांच्या कडेला ओघळू देऊ नका.

मधाकडून अपेक्षा बेताची ठेवा. न्यूझीलंडमध्ये कानुका मधावर (कानुका नावाच्या तिथल्या झाडाच्या फुलांच्या मधावर) रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. नुसत्या जिवाणूनाशक साबणापेक्षा साबण आणि मध मिळून काही जास्त फायदा दिसला नाही. त्वचा मऊ राहते, आग शमते, इतकं मध करतो. मधमाश्यांच्या उत्पादनांची अॅलर्जी असेल त्यांनी तो वापरू नये.

कोरफड

कुंडीतली कोरफड कापून लगेच चेहऱ्यावर चोळणं हीच चूक होते. पान कापलं की सालीखालून पिवळा, कडवट वासाचा चीक येतो. गर वेगळा आणि हा चीक वेगळा. चिकाने खाज आणि पुरळ उठतं आणि दोष कोरफडीवर जातो.

बाहेरच्या बाजूचं, जाड, जुनं पान बुडाशी कापा. कापलेली बाजू खाली करून ग्लासात १५-२० मिनिटं उभं ठेवा. तळाशी पिवळं पाणी साचलेलं दिसेल. पान धुवा, दोन्ही कडांचे काटे सुरीने काढा, वरची साल सोला. पारदर्शक गराची वडी वाहत्या पाण्याखाली पिवळेपणा आणि बुळबुळीत पिवळी रेघ जाईपर्यंत धुवा, मगच चमच्याने ठेचा किंवा मिक्सरमधून एकदा फिरवा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एकेक खडा वितळवून घ्या. रात्री पातळ थर लावून २० मिनिटांनी धुवा. मातीच्या लेपानंतर किंवा डॉक्टरांच्या औषधाने त्वचा कोरडी पडली असेल तर कोरफडीचा चांगला उपयोग होतो.

ग्रीन टी, दही, ओट्स

ग्रीन टीमधले पॉलिफिनॉल त्वचेवर लावल्यावर तेल आणि सूज कमी करतात, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. एक लहान चमचा पत्ती १०० मिलिलिटर गरम, पण उकळत्या नव्हे अशा पाण्यात ५ मिनिटं ठेवा, गाळा, पूर्ण गार करा. त्यात कापूस भिजवून ५-७ मिनिटं मुरमांवर ठेवा. साखर-दुधाचा नेहमीचा चहा या कामाचा नाही.

ताज्या, फार आंबट न झालेल्या दह्यात थोडं लॅक्टिक आम्ल असतं, त्याने मृत पेशी किंचित सैल होतात. एक मोठा चमचा दही १० मिनिटं, आठवड्यातून दोनदा. फुटलेल्या पुटकुळीवर नको. ओट्स मुरूम घालवत नाहीत, पण चिडलेली त्वचा शांत करतात: दोन चमचे ओट्स मिक्सरमध्ये मैद्यासारखे दळून कोमट पाण्यात कालवा आणि १० मिनिटं ठेवा.

सहाणेवरचे लेप

जायफळ उगाळून लावणं आपल्याकडे घरोघरी चालतं. जायफळात तीव्र सुगंधी तेलं असतात, त्यामुळे पुटकुळी वाळते आणि त्वचा चुरचुरतेही. सहाणेवर पाण्याचे दोन-तीन थेंब घेऊन जायफळाचे ८-१० वेढे पुरतात. बोटाच्या टोकावर येईल तेवढाच तपकिरी लेप फक्त पुटकुळीवर टेकवा आणि १० मिनिटांत धुवा. रात्रभर ठेवायचा नाही, पूर्ण चेहऱ्याला लावायचा नाही. चंदन खोडाचंच उगाळा. तयार भुकटीत रंगवलेला भुसा निघू शकतो. आयुर्वेदातला लोध्र (एका झाडाची साल), धने आणि वेखंड समभाग असा लेप प्रसिद्ध आहे. त्यातलं वेखंड उष्ण पडतं, तेव्हा चाचणी केल्याशिवाय नको.

याला हात लावायचा नाही

लिंबू. याने झालेलं नुकसान सगळ्यात जास्त बघायला मिळतं. रसाचा पीएच २ ते २.५, म्हणजे त्वचेपेक्षा कितीतरी पटींनी आम्ल. वर, सालीत आणि रसात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे तपकिरी चट्टे राहतात. मधात, दह्यात, बेसनात ‘दोन थेंब’ घालायचेही टाळा. संत्र्याच्या सालीची पूडही टाळा.

खायचा सोडा त्याच्या उलट टोकाचा. त्याच्या द्रावणाचा पीएच ८ च्या पुढे जातो आणि त्वचेचं संरक्षक आवरण बिघडतं. टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थ आणि मेंथॉल पुटकुळी वाळवल्यासारखी दाखवतात, पण भोवतीची त्वचा लाल होऊन सोलते. पानाचा चुना तर सरळ भाजतो. कच्चा लसूण बांधून ठेवला तर फोड येतात. व्हिनेगर पाण्याशिवाय लावलं तर तेच. ॲस्पिरिनची गोळी कुटून लावतात. तिच्यातलं आम्ल आणि मुरमांच्या औषधातलं सॅलिसिलिक आम्ल एक नव्हेत.

आणि घरातल्या औषधांच्या डब्यात पडलेली ट्यूब. खाज किंवा नायट्यासाठी आणलेल्या मलमात बऱ्याचदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. लावल्यावर दोन दिवसांत चेहरा उजळ आणि मुरूम गायब दिसतात, म्हणून लोक महिनोन् महिने लावतात. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मलम थांबवलं की मुरूम दुपटीने उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, तरी शेजारीपाजारी ट्यूब फिरतच असते. नळीवरची नावं वाचा. कुणी बरेच दिवस लावत असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

केस, उशी, स्कार्फ

कपाळावर आणि कानशिलावरच मुरूम येत असतील तर आधी केसांच्या तेलाकडे बघा. खोबरेल तेल छिद्रं बुजवणारं आहे. रात्रभर चंपी करून झोपलं की ते अभ्र्यावर उतरतं आणि तिथून गालावर येतं. तेल धुण्याआधी एक-दोन तास लावा, केसांच्या कडेपासून बोटभर आत थांबा, आणि डोकं धुतल्यावर कपाळ वेगळं धुवा.

उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ, पुण्यात तर तो जवळजवळ गणवेशच झाला आहे, घाम-धूळ-तेल धरून ठेवतो आणि गालावर घासतो. सुती घ्या, रोज धुवा, दोन-तीन आलटून पालटून वापरा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला लागतो तिथे ओळीने पुटकुळ्या येत असतील तर पट्टा आणि आतलं अस्तर धुवा.

खाण्यात मैदा, साखर, गोड पेयं यांनी रक्तातली साखर झपाट्याने वाढते आणि काही जणांचे मुरूम त्याने चिघळतात. जिमसाठी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरूम वाढले असतील तर ते महिनाभर थांबवून बघा. तिखट-तेलकट सोडलं की मुरूम जातात, असं सरसकट सांगता येत नाही.

आठवड्याची घडी आणि कुठे चुकतं

सकाळी चेहरा धुवा, हलकं मॉइश्चरायझर, त्यावर जेलसारखं एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. डाग फिके करायचे असतील तर दुसऱ्या कशाहीपेक्षा याचा उपयोग जास्त, कारण ऊन लागलं की डाग गडद होतात. रात्री पुन्हा धुवा आणि काढा किंवा कोरफड, दोन्हींपैकी एक. रविवारी मुलतानी माती. दुखरा मुरूम आला की बर्फ. मध-हळद हवी असेल तर मातीच्या दिवशी नको.

चेहरा ताणला, सोलायला लागला तर लेप जास्त होत आहेत; दहा दिवस सगळं थांबवून फक्त धुणं आणि मॉइश्चरायझर ठेवा. लेपानंतर दर वेळी नव्या पुटकुळ्या येत असतील तर ‘आतली घाण बाहेर पडते आहे’ असं समजून पुढे चालवू नका. ती वस्तू तुम्हाला सोसत नाही. सुरुवातीलाच खिडकीजवळ, एकाच उजेडात फोटो काढा आणि दर दोन आठवड्यांनी तसाच काढा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

डॉक्टरांकडे कधी

८ आठवडे नेमाने करूनही फरक नसेल तर. खोल गाठी, खड्डे, छाती-पाठभर मुरूम असतील तर लगेच. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल, हनुवटीवर-ओठावर दाट केस येत असतील आणि जबड्याच्या कडेला मुरूम असतील तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी हवी. तिथे चेहऱ्यावर काहीही लावून मूळ दुखणं जात नाही. तिशीनंतर अचानक सुरू झाले तरी दाखवा. नाक-ओठांच्या भागातला फोड दाबल्यावर चेहरा सुजला, ताप आला, डोळ्याजवळ दुखू लागलं तर त्याच दिवशी.

बूच सोडवणारी औषधं म्हणजे ॲडापलीन आणि सॅलिसिलिक आम्ल. जिवाणूंवर बेंझॉइल पेरॉक्साइड. ती स्वस्त आहेत आणि नीट अभ्यासलेली आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि अभ्र्याचे रंग उडतात, तेव्हा पांढरे वापरा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते आधीच सांगा, कारण ॲडापलीन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या तेव्हा चालत नाहीत. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या वस्तूंची यादी, ट्यूब आणि ते फोटो घेऊन जा. औषध सुरू झालं की मुलतानी माती, दही, जायफळ बंद करा. दोन्ही मिळून त्वचा इतकी कोरडी पडते की लोक औषधच सोडून देतात. बर्फ, कोरफड आणि ओट्स मात्र चालू ठेवता येतात.